डोळ्यावर शिवलेली पाणमोट

तुम्ही जन्माला आलात तेव्हा तुमच्याबरोबर आणखी कोण बाहेर आलं होतं, याचा कधी विचार केलाय का?

नसेल केला. सगळे बाळाकडे बघत असतात. मुलगा की मुलगी, रंग कुणाचा, नाक कुणावर गेलंय. त्या गडबडीत नर्स एका ट्रेमध्ये काहीतरी गोळा करून बाजूला ठेवते. त्या ट्रेमध्ये वार असते, आणि वारेला चिकटलेली मी असते. मी पाणमोट बोलतेय. नऊ महिने बाळ ज्या पाण्यात पोहतं, ते पाणी धरून ठेवणारी पातळ पिशवी म्हणजे मी.

मला विणलं ते बाळाच्याच पेशींनी. पेशी एकट्या राहत नाहीत. त्या आपल्याभोवती प्रथिनांचे धागे सोडतात आणि त्या धाग्यांवर संसार मांडतात. माझ्यात कोलॅजन नावाचा मजबूत धागा आहे. त्यावर लॅमिनिन नावाच्या प्रथिनाचं मऊ अस्तर आहे. आणि वाढीचे निरोप पोचवणारी काही बारीक प्रथिनं माझ्या विणीत अडकून राहिलेली आहेत, पदराच्या गाठीत लवंग-वेलची बांधून ठेवावी तशी. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, पाणी धरायचं एवढंच माझं काम.

माझा जन्म फेब्रुवारी २००६मधला, भाईंदर पूर्वेच्या एका लहानशा प्रसूतिगृहातला. बाळ पायाळू होतं म्हणून डॉक्टरीणबाईंनी सिझेरियन करायचं ठरवलं. बाळाची आई संजना, नवघरला राहणारी. तिची सासू आनंदी पहाटेपासून बाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसली होती. सोबत तिने पितळी डबा, हळद, कुंकू आणि जुन्या साडीचा धुतलेला तुकडा आणला होता. तो सगळा सरंजाम माझ्यासाठी होता.

आदल्या दिवशीच डॉक्टरीणबाईंनी संजनाला विचारलं होतं, "पाणमोट डोळ्यांच्या रुग्णालयाला देशील का? जळलेल्या डोळ्यांवर लावतात." संजना हो म्हणाली होती. सासूला विचारायचं मात्र तिला धाडस झालं नव्हतं. त्यामुळे मुलगी झाल्याचा आनंद ओसरायच्या आत आनंदी डबा घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा ते काम डॉक्टरीणबाईंवर आलं.

"वार आमच्यात कुणाला देत न्हाईत, बाई," आनंदी म्हणाली. "हळदकुंकू घालून अंगणात पुरतात. कुत्र्यामांजरानं तोंड लावलं तर लेकराला बाधतं."

"वार तुम्ही खुशाल पुरा ना, आजी. मला फक्त वरची साल द्या. कांद्याचा पापुद्रा असतो तेवढी पातळ."

"साल काढलेला कांदा टिकत न्हाय."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. संजना खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाली, "आई, मी हो म्हणून सही केलीय."

आनंदीने सुनेकडे बघितलं, मग नातीकडे बघितलं. डब्याचं झाकण तिने उघडलं. मग डबा पुढे करत म्हणाली, "वार मोजून द्या. आणि साल काढताना हिचं नाव घेऊ नका."

तशी माझी आणि वारेची ताटातूट झाली. ती हळदकुंकू लेवून नवघरला गेली, आणि मी खारट पाण्याच्या बाटलीत बसून मुंबईतल्या एका डोळ्यांच्या रुग्णालयात आले.

तिथे माझी गाठ वासंतीताईंशी पडली. त्या प्रयोगशाळेत काम करायच्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ढकललेला, हात अतिशय हलका. त्यांना काम करताना बोलायची सवय होती. ऐकायला कुणी असो वा नसो. मला धुताना त्या म्हणाल्या, "किती तलम आहेस गं. असली साडी मिळाली असती तर लेकीच्या लग्नात नेसले असते." त्यांनी माझे चौकोनी तुकडे कापले. मी त्यातला एक तुकडा. मला कागदावर पसरून त्यांनी बाटलीत घातलं, वर चौदा नंबरची चिठ्ठी लावली आणि उणे ऐंशी अंशाच्या कपाटात ठेवून दिलं.

त्या कपाटात मी सात महिन्यांहून जास्त होते. थंडीपेक्षा मला कंटाळा जास्त बोचला. रुग्णालयाचा नियम असा, की बाळंतपणात आईचं रक्त तपासलं असलं तरी सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. काही आजार उशिरा दिसतात. दुसरी तपासणी नीट आली तरच मला वापरायचं. आई आलीच नाही, तर चौदा नंबरच्या सगळ्या बाटल्या फेकून द्यायच्या. कपाट उघडलं की वासंतीताई चिठ्ठ्या वाचायच्या. "अकरा आली. बारा आली. तेरा गावाला गेली वाटतं. चौदा, तुझी बाई येणार की नाही गं?"

आता मी महिपतबद्दल सांगते. त्याच्याशिवाय माझी गोष्ट बाटलीतच संपली असती.

महिपत मूळचा रत्नागिरीकडचा. भाईंदर पूर्वेला बायको शालूबरोबर राहायचा आणि इमारतींना रंग द्यायचा. चार मजले, पाच मजले, बांबूच्या परांचीवर उभं राहून. २००५च्या दिवाळीच्या आधी केबिन रोडजवळच्या एका जुन्या चाळीत जिन्याच्या छताला तो चुना लावत होता. ब्रश वर आणि मान वर. चुन्याचा एक लपका सुटला आणि सरळ उजव्या डोळ्यात पडला.

त्या वेळी पाण्याची बादली त्याच्या पायाशी होती. पण त्याने डोळ्याला पाणी लावलं नाही. लहानपणापासून चुनकळी भिजवताना त्याने बघितलं होतं, पाणी पडलं की चुना फसफसतो, उकळतो, वाफ येते. खालून सोबतीही ओरडला, "पाणी मारू नको रे, डोळ्यात उकळेल!" म्हणून त्याने खोबरेल तेल घातलं, वर फडकं बांधलं आणि शालू येईपर्यंत जिन्यात बसून राहिला. भिंतीला लावायचा चुना आधीच भिजून निवलेला असतो, तो पुन्हा उकळत नाही. पण हे त्याला कोण सांगणार? तासाभराने दवाखान्यात डोळा धुतला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

डोळ्याच्या काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर, अगदी कडेला, काही पेशी राहतात. त्यांना मूळपेशी म्हणतात. बुबुळावरची काच रोज थोडी थोडी झिजते. या मूळपेशी नव्या पेशी तयार करून ती सारखी भरून काढतात. महिपतच्या उजव्या डोळ्याची ही सगळी कड जळून गेली होती. काच दुरुस्त करायला कुणी उरलं नाही, तेव्हा बाजूची लालसर कातडी बुबुळावर सरकत आली. त्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

एका डोळ्याने माणूस चालतो, जेवतो. पण अंतर समजायला दोन डोळे लागतात. महिपतचा ब्रश डब्याच्या बाहेर बुडायला लागला. मुकादमाने त्याला परांचीवरून उतरवलं आणि खाली रंग ढवळायला बसवलं. मजुरी निम्म्यावर आली. पण त्याला जास्त लागलं ते दुसरंच. वरून कुणी हाक मारली, "ए महिपत, पिवळा पाठव," की तो गप्प बसून डबा दोरीला बांधायचा, आणि त्या दिवशी घरी गेल्यावर शालूशीही बोलायचा नाही.

रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, "तुमच्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा तिळाएवढा तुकडा घेऊ. प्रयोगशाळेत वाढवू. आणि उजव्या डोळ्यावर लावू."

महिपत उठून उभा राहिला. "नाय साहेब. एका दिव्यावर घर चाललंय. त्यातलं तेल काढून विझलेल्या दिव्यात घालू? आणि दोन्ही विझले तर?"

शालूने समजावलं, रडून बघितलं, भांडून बघितलं. तपासणीला तो यायचा, औषध घालून घ्यायचा, पण चांगल्या डोळ्याची गोष्ट निघाली की चपला घालायचा.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी चौदा नंबरची बाई आली. संजना, कडेवर बाळ, आणि मागे आनंदी. संजना रक्त द्यायला आत गेली. आनंदी नातीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. त्याच बाकावर महिपत आणि शालू कुजबुजत भांडत होते. त्यांचं काय बोलणं झालं, ते सगळं वासंतीताईंनी दाराच्या फटीतून ऐकलं आणि नंतर आम्हाला, म्हणजे कपाटातल्या बाटल्यांना, हुबेहूब करून सांगितलं.

"तिळाएवढा तर मागतायत," शालू म्हणत होती.

"तुझ्या डोळ्यातला मागितला असता म्हणजे कळलं असतं."

"माझा चालत असता तर कधीच दिला असता! मी काय तुमच्यासारखी भित्री आहे?"

आनंदीने मध्येच विचारलं, "काय झालं, भाऊ?" शालूने सगळं सांगून टाकलं. आनंदीने ऐकलं आणि नातीला उचलून सरळ महिपतच्या मांडीवर ठेवलं.

"ही बघ. कशी वाटते?"

"चांगली आहे की. गुबगुबीत आहे."

"हिच्या वारेची साल मी इथं दिली. वार पुरली, साल दिली. सून सही करून बसली, मग काय करणार? पण मला धीर न्हवता. अंगण आता बिल्डरकडं गेलंय. सोसायटीच्या कुंपणाशी खड्डा करत होते तर वॉचमन आला, 'चाची, क्या गाड रही हो?' म्हटलं, पेड लगा रही हूं. मग तेवढ्यासाठी शेवग्याचं रोप आणून लावावं लागलं."

शालू हसली. महिपतही हसला, पण चोरून.

"आणि रोज मनात यायचं," आनंदी पुढे म्हणाली, "अर्धीच पुरली, लेकरू अर्धंच वाढणार. म्हणून सहा महिने दर सोमवारी हिला चंदनभाईच्या दुकानात नेऊन कांद्याबटाट्याच्या काट्यावर बसवलं. तो म्हणायचा, 'बेन, दुकान में ग्राहक खडा है, अस्पताल जाओ ने.' मी म्हटलं, तुमचा काटा खोटा न्हाय ना, मग झालं. सहा किलो आठशे! काय कमी पडलं? अंगातलं आपण थोडं दिलं तर अंग भरून काढतं, भाऊ. भरून काढणारं काहीतरी आत ठेवलेलंच असतं."

महिपत बाळाकडे बघत राहिला. बाळाने त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं. मग त्याने शालूला विचारलं, "खरंच तिळाएवढाच ना?"

"पांढऱ्या तिळाएवढा," शालू म्हणाली. "काळा जरा मोठा असतो."

त्याच दिवशी त्याने सही केली. आपल्या मांडीवरच्या मुलीचीच पाणमोट आपल्या डोळ्यावर येणार आहे, हे त्याला कळलं नाही. आनंदीलाही कळलं नाही. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे एकमेकांना सांगायचं नाही, असा नियम आहे. संजनाचं रक्त चांगलं निघालं. सप्टेंबरच्या शेवटी वासंतीताईंनी चौदा नंबरची एक बाटली बाहेर काढली. ती मी.

आधी त्यांनी माझ्यावरच्या जुन्या पेशी हळुवार खरवडून काढल्या. मी घाबरले. पेशीच गेल्या तर माझ्यात जिवंत असं काय उरलं? उरलं ते नुसतं प्रथिनांचं विणकाम. वासंतीताई म्हणाल्या, "आता खरं तुझं काम."

त्यांनी मला काचेच्या बशीत पसरलं. महिपतच्या डाव्या डोळ्यातून काढलेल्या तुकड्याचे दोन बारीक कण माझ्यावर ठेवले. वर पोषक द्रव घातलं. त्यात महिपतच्याच रक्तातलं पिवळसर पाणी होतं. बशी माणसाच्या अंगाइतक्या उबदार पेटीत गेली.

मूळपेशी म्हणजे अजून काहीच न ठरलेली पेशी. ती नुसती वाढत राहील, की बुबुळाची काच होईल, की म्हातारी होऊन थांबेल, हे पुष्कळसं तिच्या शेजारावर असतं. तुम्ही बघितलं असेल, गिरगाव-लालबागहून भाईंदरला राहायला आलेल्या घरातलं पोर शेजारच्या हंसाबेनकडे खेळून खेळून वर्षभरात गुजराती बोलायला लागतं. कुणी शिकवत नाही. तसंच हे. कोऱ्या प्लास्टिकवर ठेवलेली मूळपेशी लवकर थकते. माझ्यावर ठेवली, तर तिच्या अंगावरचे बारीक हात माझ्या लॅमिनिनला धरतात. ती पकड लागली की निरोप तिच्या आतपर्यंत जातो. जगायला हरकत नाही. एकीच्या दोन व्हा. मला घट्ट धरून राहील ती मूळपेशीच राहते. तिच्या लेकी माझ्यापासून सुटून वर सरकतात, पसरतात आणि काच होतात. कुणी राहायचं आणि कुणी पुढे जायचं, हे माझ्याशी धरलेल्या हातावरून ठरतं.

हे बोलायला सोपं आहे. पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी द्रव बदलताना एक कण सुटला आणि तरंगत बाजूला गेला. तो मेला होता. वासंतीताईंचा चेहरा उतरला. दुसरा कण एका कोपऱ्याने तेवढा चिकटलेला होता, बाकी सगळा उचललेला. तोही गेला असता, तर महिपतच्या चांगल्या डोळ्यातून पुन्हा घ्यावं लागलं असतं, आणि तो पुन्हा सही करणार नव्हता. "धर गं बाई," वासंतीताई बशीवर वाकून म्हणाल्या. "सोडू नकोस."

मी काय करणार? मला हात नाहीत. माझे धागे आहेत तिथेच होते. पण त्या कोपऱ्यातल्या पेशींना ते पुरले. सहाव्या दिवशी कणाभोवती पेशींची एक बारीक किनार दिसली, दुधावर साय धरायला लागते तशी. दहाव्या दिवशी ती जुन्या चवलीच्या नाण्याएवढी झाली. चौदाव्या दिवशी मी पूर्ण झाकले गेले होते. वासंतीताईंनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, "जमलं."

शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावरची लाल कातडी सोलून काढली आणि पेशींसकट मला तिथे बसवून केसाहून बारीक दोऱ्याने शिवलं. इतकी वर्षं माणसं 'डोळ्यात तेल घालून जपा' म्हणतात. शालूने दर दोन तासांनी औषधाचे थेंब घालून जपलं.

"चोळू नका. हात बांधून ठेवीन."

"बांध. पण त्याआधी तंबाखू मळून दे."

"तंबाखूला चुना लागतो. चुना या घरात आता उंबऱ्याच्या आत येणार नाही."

"अगं, मग रंगाऱ्याशी लग्न कशाला केलंस?"

"तेव्हा दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतात म्हणून!"

असं त्यांचं चालायचं. पट्टीखाली मला ते ऐकू यायचं आणि बरं वाटायचं. पापण्यांची उघडझाप व्हायची, आसवांचं पाणी यायचं. पुन्हा पाण्याशेजारी राहायला मिळालं होतं. हळूहळू महिपतच्या पेशी आपले स्वतःचे धागे विणायला लागल्या. त्यांचा एक धागा पक्का झाला की माझा एक विरघळायचा. कुणी मला काढून टाकलं नाही. त्यांना माझी गरज जसजशी कमी झाली, तसतशी मी कमी झाले. याचं मला दुःख नाही. नवघरला वारेबरोबर कुंपणाशी पुरले गेले असते तरी मातीत विरलेच असते. इथे विरताना सोबत आहे.

जानेवारी २००७मध्ये तपासणी झाली. सगळं काही पहिल्यासारखं झालं नाही, खोटं कशाला सांगू. बुबुळाच्या एका बाजूला थोडा धूसरपणा राहिला आहे. पण उजव्या डोळ्याने महिपतने तक्त्यावरची पाचवी ओळ वाचली. सहावीला तो अडखळला, आणि शालू मागून उत्तर सांगायला लागली म्हणून डॉक्टरांनी तिला बाहेर पाठवलं. डावा डोळा होता तसाच ठणठणीत होता. डॉक्टरांनी महिपतला दोरीवरच्या दोन काठ्या मागेपुढे करून दाखवल्या, जवळची कुठली ते विचारलं. दहापैकी नऊ वेळा त्याने बरोबर सांगितलं.

"साहेब, परांचीवर चढू?"

"संरक्षक चष्मा लावून चढा. आणि चुना गेलाच डोळ्यात, तर काय कराल?"

"पाणी," महिपत म्हणाला. "बादलीत तोंड घालीन."

माझे आता एक-दोनच धागे शिल्लक आहेत, तेही नव्या पेशींच्या खाली. जायच्या आधी तुमच्यापाशी दोन मागण्या आहेत. डोळ्यात चुना गेला तर तेल नको, तूप नको, गुलाबपाणी नको. स्वच्छ पाणी घ्या आणि थांबू नका, धूत राहा, धूत धूतच दवाखाना गाठा. आणि तुमच्या घरात बाळ जन्माला येईल तेव्हा ट्रेकडेही एकदा बघा. वार पुरायची असेल तर जरूर पुरा, हळदकुंकू घाला. पण कुणी वरची साल मागितली, तर आनंदीसारखं थोडं भांडून का होईना, द्या.

आणि हो, त्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता महिपत नवघरमधल्या एका चार मजली इमारतीच्या परांचीवर चढला आणि दुपारच्या जेवणाआधी तिसऱ्या मजल्याची एक भिंत रंगवून खाली उतरला.